होडीत बसायला फळी, सामानाला पेटी

आपल्या घोटीच्या आसपास दारणा, भावली, वैतरणा अशी धरणं आहेत. तिथे रोहू-कटल्यासाठी जाणाऱ्या होड्या लहान, दोघातिघांच्या. बाई जाळं आवरते, मासे निवडते, आणि बसते कुठे? काठावर, नाहीतर तळाच्या पाण्यात. म्हणून फळी बसवायला गटातून कर्ज मागितलं की आम्ही आधी एकच विचारतो: फळी किती उंच?

डोक्यावर दोन हंडे असले की तोल सांभाळावा लागतो, तेच खाली ठेवले की चिंता नाही. होडीचंही तसंच. वजन जितकं वर, तितकी ती लवकर कलंडते. म्हणून फळी काठाच्या निदान एक वीत खाली असावी. पाय जरा आखडतात, पण वारा सुटल्यावर तीच फळी वाचवते. ती नुसती टेकवून ठेवू नका, सुताराकडून पक्की करा. सरकती फळी नसलेलीच बरी. खिळे-स्क्रू स्टीलचे घ्या, साधं लोखंड गंजतं. आणि फायबरच्या होडीच्या तळाला भोक पाडू द्यायचं नाही, सुतार कितीही म्हणाला तरी.

मधल्या फळीखाली पेटी करा. डबा, मोबाईल, दोर त्यात. झाकणाला दोरीची गाठ हवी. पेटी तळाला चिकटवू नका, खालून पाणी वाहायला दोन बोटं जागा सोडा आणि पाणी उपसायचा डबा हाताशी ठेवा. माशांचा क्रेट मधोमध, तळाशी. जाळं पुढच्या टोकाला, पायात येणार नाही असं.

पुढच्या-मागच्या फळीखाली मात्र सामान भरायचा मोह टाळा. तिथे घट्ट बुचाचे रिकामे तेलाचे कॅन बांधा. पत्र्याची किंवा फायबरची होडी पाण्याने भरली तर बुडते. वीस लिटरचा रिकामा कॅन पाण्याखाली दाबला गेला की साधारण वीस किलोचा भार वर उचलतो. असे चार कॅन असले तर धरून राहायला आधार उरतो. लाइफ जॅकेट पेटीत ठेवायची वस्तू नाही, ते अंगातच हवं. साडीवरून घालायला लाज वाटते म्हणे!

काम झालं की लगेच खोल पाण्यात जाऊ नका. काठाशी, गुडघाभर पाण्यात, सगळं सामान भरून सगळ्यांनी बसा. मग एकीने उठून जाळं ओढून पाहावं. काठ पाण्याला टेकायला आला, तर फळी आणखी खाली घ्या नाहीतर एक माणूस कमी करा.