हद्द कोण वाढवतं?

अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. पहिल्या खेपेला रेघ जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली, दुसऱ्या खेपेला दहिसर-मुलुंडपर्यंत. आधी रेल्वे, मग बिऱ्हाडं, मग कायदा. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा मुलुंडचं कालिदास ही नंतरची भर. आळीपाळीने डाव टाकायच्या व्हिडिओ गेम्सनी मात्र बराच काळ हा क्रम उलटा शिकवला: नाट्यगृह बांधा, हद्द आपोआप वाढेल.

सिड मायरचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला, तेव्हा नकाशावर देशाची हद्द दाखवणारी रेघच नव्हती. संस्कृतीच्या जोरावर सरकणारी सीमा आली २००१ च्या तिसऱ्या भागात. देवळं, वाचनालयं बांधली की गुण साठत आणि शहराभोवतीचं वर्तुळ मोठं होई. शेजाऱ्याचं शहर तुमच्या संस्कृतीला भुलून न लढता तुमच्याकडे येई, आणि त्यात ठेवलेली शेजाऱ्याची फौज चक्क नाहीशी होई. खेळाडू यावर चिडत, आणि ते चिडणं रास्त होतं.

खरी करामत २००५ च्या चौथ्या भागात आहे. वाचनालयाचे दर डावाला दोन गुण, नाट्यगृहाचे तीन. नेहमीच्या गतीच्या खेळात १० गुणांवर हद्द पहिल्यांदा फुगते, मग १००, ५००, ५,००० आणि शेवटी ५०,००० वर. पण गुणांपेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच. इथे जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला स्मरण असतं. कर्सर नेला की त्या तुकड्यावर कोणाची संस्कृती किती टक्के मुरली आहे ते दिसतं. शहर जिंकून घेतलं तरी जुने टक्के एका रात्रीत पुसले जात नाहीत. घाटकोपरच्या एखाद्या गल्लीवर असा कर्सर नेता आला तर मराठी, गुजराती आणि आणखी चार भाषांचे आकडे एकाखाली एक दिसतील. खेळाचं घोडं अडतं ते पुढे: ज्याचे टक्के जास्त, तो चौकोन त्याचा. घाटकोपरला असा एकच मालक ठरवायची गरज कधी पडलेली नाही.

आणि बेळगावचं काय? चौथ्या भागाच्या नियमाने पाहिलं तर १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तिथे एव्हाना सीमा हलायला हवी होती. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. मराठी वाचनालयं, वर्तमानपत्रं, नाटकं सगळं तिथे आहे. रेघ जिथल्या तिथे. संस्कृतीच्या गुणांनी राज्याची सीमा सरकते हा सिद्धान्त सीमाभागातल्या कुणाला सांगून पाहा!

२०१० च्या पाचव्या भागात चौकोनांचे षटकोन झाले आणि हद्द पटावरच्या एकेका घराने वाढू लागली. शिवाय रोख सोनं मोजून जमीन विकत घेण्याची सोय आली. उपनगरात पुनर्विकासाच्या सभांना बसलेल्या कोणालाही विचारा, संस्कृती आणि पैसा यांत आधी कोण पोचतं ते. तुकड्यांच्या टक्केवारीचं स्मरण मात्र इथे गेलं, आणि माझ्या मते मालिकेतला तो सर्वांत मोठा तोटा आहे. सहाव्या भागाच्या २०१८ मधल्या पुरवणीने 'निष्ठा' आणली: नऊ घरांच्या आतली आपली आणि परकी माणसं शहरावर दाब टाकतात, अंतर वाढेल तसा दाब कमी होतो. कल्पना चांगली. पण निष्ठा शून्यावर आली की शहर फुटून स्वतंत्र होतं. मुलुंडचा माणूस खरेदीला ठाण्याला जातो म्हणून मुलुंड कधी फुटलं नाही.

लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळायचं तर याच जातीचा मोबाइलवरचा खेळ 'पॉलिटोपिया' पुरतो. त्यात शहर चौथ्या पायरीला पोचलं की लोकसंख्या की हद्द, यातलं एकच मिळतं. बोरिवली ते चर्चगेटमध्ये एखादा डाव आरामात होतो, अर्थात उभं राहायला जागा मिळाली तर.

२०२५ चा सातवा भाग संस्कृतीला सीमेपासून बरंच लांब नेतो. वस्ती वाढली की खेळाडू नवं घर निवडतो आणि हद्द तेवढी पुढे जाते. केंद्रापासून तीन घरांपलीकडे मात्र नाही. माणसं आधी, रेघ नंतर: हा क्रम उपनगराच्या जवळचा आहे. मुंबईतही रेघ पुढे दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर थांबली. पलीकडे ठाण्याची स्वतःची महापालिका १९८२ साली झाली, मीरा-भाईंदरची २००२ साली. नाक्यांवर जकात घेतली जाई ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. माणसं त्याआधीही रोज सकाळी रेघ ओलांडत होती, आणि घरी एका पालिकेचं पाणी भरून कामाला दुसऱ्या पालिकेत जाणाऱ्या या माणसाला अजून कोणत्याच खेळात सोंगटी नाही.