फासावर गेलेला विद्यार्थी, तुरुंगात गेलेले मास्तर

कुठल्याही कॉलेजच्या माहितीपुस्तकात एक पान ठरलेलं असतं. वर आजवरचे प्राचार्य, खाली नामवंत माजी विद्यार्थी: दोन आमदार, एक सनदी अधिकारी, एक नट, जमलंच तर अमेरिकेतला एखादा डॉक्टर. पिंपरी-चिंचवडपासून चाकण-तळेगावपर्यंत आता इंजिनिअरिंग कॉलेजं उदंड झाली, त्यामुळे या पानावर कंपन्यांचे प्लांट हेडही दिसू लागलेत. याच पट्ट्यात, तळेगाव दाभाड्यात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक विद्यालय होतं. त्याने असं पान छापायचं म्हटलं असतं तर काय छापलं असतं? संस्थापक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात, एक शिक्षक त्याच खटल्यात तुरुंगात, एक विद्यार्थी लाहोरला फासावर. आणि खुद्द विद्यालय १९१० साली सरकारने बंद पाडलेलं.

या समर्थ विद्यालयाचे संस्थापक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर. जन्म १८६३चा, कोल्हापूरचा. राजाराम कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ मासिक चालवलं, पुढे ‘समर्थ’ साप्ताहिक आणि मग ‘विश्ववृत्त’. इतिहासाचार्य राजवाड्यांचे लेखही त्यांनी छापले. त्यांचा हट्ट साधा होता: शिक्षण मराठीतून हवं आणि त्याच्या नाड्या सरकारी खात्याच्या हातात नकोत.

विजापूरकरांवर लिहिणारे एक प्रकरण मात्र घाईने उलटतात. छत्रपतींचे धर्मविधी वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणमंत्रांनी, या वेदोक्ताच्या वादात ते शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. १९०२ साली महाराजांनी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्या वेळी कोल्हापुरातली खरी उलथापालथ दरबारातून होत होती, विजापूरकरांच्या छापखान्यातून नव्हे. इंग्रजी अंमलाविरुद्ध छातीठोकपणे उभा राहणारा हा माणूस घरच्या विषमतेपुढे मागे हटला, हे लिहिल्याशिवाय त्यांचं चरित्र पुरं होत नाही.

१९०६च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. बंगालमध्ये त्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली. जादवपूर विद्यापीठाचं मूळ तिच्यात आहे. आपल्याकडे समर्थ विद्यालय निघालं ते कोल्हापुरात. तिथून ते मिरजेला गेलं आणि शेवटी तळेगावात स्थिरावलं, म्हणजे संस्थानी मुलखातून थेट पुणे जिल्ह्यात. पुस्तकी विषयांबरोबर धर्मशिक्षण आणि हातकाम अशी तिथली घडण होती. टिळकांचा पाठिंबा होताच. बार्शीच्या व्याख्यानात त्यांनी राष्ट्रीय शिक्षण हाच विषय घेतला होता.

मग १९०८ साल आलं. ‘विश्ववृत्ता’त पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख छापून आला. वेदातल्या प्रार्थना शत्रूच्या नाशाची मागणी करतात, एवढं सरकारला पुरेसं होतं. लेख सातवळेकरांचा, पण शिक्षा विजापूरकरांना झाली आणि त्यांच्याबरोबर वामन मल्हार जोशी यांनाही, तीन तीन वर्षांची सक्तमजुरी.

वामनराव हे तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले, समर्थ विद्यालयात शिकवायला आलेले आणि ‘विश्ववृत्त’ सांभाळणारे. स्वभावाने सौम्य. कुठलाही प्रश्न दोन्ही बाजूंनी तोलल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, असा माणूस राजद्रोही ठरला. सुटून आल्यावर त्यांनी ‘रागिणी’ लिहिली, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवलं आणि १९३० साली मडगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मराठीतल्या वैचारिक कादंबरीचा उगम शोधायचा तर वाट या विद्यालयावरून जाते. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी देणगी हीच.

सरकारची नजर मात्र वेगळ्याच नावावर खिळायला हवी होती. विष्णु गणेश पिंगळे हे मूळचे शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. दाभाड्यांचं तळेगाव वेगळं आणि ढमढेऱ्यांचं वेगळं. या दोन गावांची गल्लत लोक अजूनही करतात. पिंगळे शिकायला दाभाड्यांच्या तळेगावी आले. पुढे ते अमेरिकेला गेले, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकायला. तिथे ते गदर पक्षात सामील झाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये करतारसिंग सराभांबरोबर जहाजाने कलकत्त्याला उतरले आणि रासबिहारी बोसांच्या उठावाच्या कटात शिरले. फेब्रुवारी १९१५चा उठाव फितुरीने फसला. मार्चमध्ये मेरठच्या छावणीत, १२व्या घोडदळाच्या लाइनीत, पिंगळे बाँबसकट सापडले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर तुरुंगात सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. तोवर शाळेला टाळं लागून पाच वर्षं लोटली होती.

तळेगावात त्याच काळात दुसरंही एक शिक्षण चाललं होतं, त्याला कुणी राजद्रोह म्हटलं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला होता: माणशी वर्षाला एक पैसा. रुपयाचे चौसष्ट पैसे, म्हणजे लाख रुपये उभे करायचे तर चौसष्ट लाख हात पुढे यायला हवेत. या हिशोबाला हसणारे पुष्कळ निघाले असतील. तरी १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. त्या काळी कंदिलाच्या चिमणीपासून बांगडीपर्यंत काच परदेशातून यायची. वाळू, सोडा, चुना भट्टीत वितळवायचा, लांब फुंकणीच्या टोकावर लालबुंद गोळा घ्यायचा आणि श्वास बेताने सोडत त्याला आकार द्यायचा. दम जास्त झाला तर काच फुगून फाटते, कमी झाला तर भिंत जाड राहते. इथे तयार झालेले कारागीर देशभरच्या काचकारखान्यांत पसरले. त्यांची नावं कुठल्याही नामवंतांच्या यादीत नाहीत.

विजापूरकर शिक्षा भोगून परतले आणि त्यांनी तळेगावातच पुन्हा शाळा काढली. नवीन समर्थ विद्यालय हे नाव गावात आजही आहे. १९२६ साली ते गेले. जिच्या छत्राखाली ही शाळा चालते ती नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ ही संस्था आपली स्थापना १९०६ची सांगते. तिचं इंजिनिअरिंग कॉलेज २००८ सालचं. त्याच वर्षी तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले आणि नंतर कारखाना ह्युंदाईने घेतला. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात पुस्तकी विषय, धर्मशिक्षण आणि हातकाम एकाच छपराखाली शिकवायची सोय आता नाही. पण दर्शनी भिंतीवर एखादा माजी विद्यार्थी लावायचाच झाला, तर पिंगळ्यांइतका रास्त माणूस सापडणार नाही. ते अमेरिकेला गेले होते ते यंत्रं शिकायलाच.