कंबरदुखीला उतार पडला, पण किती?

कंबरदुखी हे जगभरात माणसाला अधू करणारे सर्वांत मोठे कारण असून २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती जडलेली होती. तरीही बहुतेक रुग्णांत तिचे नेमके कारण क्ष-किरणाच्या चित्रात दिसत नाही, त्यामुळे उपचारांनी गुण आला की नाही हे रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागते. या सांगण्याला आकड्यांचे रूप देण्यासाठी १९८० साली इंग्लंडमध्ये ‘ऑस्वेस्ट्री’ ही दहा विभागांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात शंभरपैकी जितके गुण अधिक, तितके अधूपण मोठे.

मात्र गुण ४४ वरून ४१ वर आले, तर रुग्ण सुधारला असे म्हणता येते काय? सहभागी पुरेसे असले की इतका लहान फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो, पण रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. म्हणूनच कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८९ साली ‘किमान अर्थपूर्ण फरक’ ही संकल्पना, म्हणजे रुग्णाला स्वतःला लाभाचा वाटेल असा लहानात लहान बदल, मांडली. ‘थोडे बरे वाटते’ म्हणणाऱ्यांचे गुण किती घटले, यावरून तो काढता येतो. ऑस्वेस्ट्रीसाठी १० गुणांची किंवा मूळ गुणांच्या ३० टक्के घट अर्थपूर्ण मानावी, असे तज्ज्ञांनी २००८ साली सुचवले.

नंदुरबारसारख्या, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या जिल्ह्यात हा आकडाही अपुरा पडतो. खुर्चीत किती वेळ बसवते, हे ऑस्वेस्ट्री विचारते. १९८३ ची रोलंड-मॉरिस प्रश्नावली जिन्याच्या कठड्याविषयी बोलते. धडगावच्या डोंगरातून हंडा वाहणारी, नवापुरात वाकून भातलावणी करणारी किंवा ऊसतोडीला गुजरातेत जाणारी बाई या प्रश्नांत कुठेच नाही, आणि तिची कंबर खरी झिजते ती याच कामांत. ऑस्वेस्ट्रीच्या मराठी आवृत्तीची विश्वसनीयता तपासणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, हे स्वागतार्ह आहे. पण पावरी किंवा मावची बोलणाऱ्या रुग्णाला प्रमाण मराठीही परकीच वाटू शकते.

यावर १९९५ साली कॅनडात मांडली गेलेली एक साधी पद्धत उपयोगी पडेल: दुखण्यामुळे अडलेली तीन ते पाच कामे रुग्णाने स्वतः सांगायची, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि पुढच्या भेटीत त्याच कामांविषयी पुन्हा विचारायचे. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ती रुग्णाच्या बोलीतून वापरायला सुरुवात करावी.