तिसऱ्या चाकाचा भरवसा

साठी उलटली की घरचे म्हणतात, "आता सायकल पुरे. अगदी हवीच तर तीनचाकी घ्या." मलाही म्हणाले. बँकेतल्या सवयीने मी आधी हिशेब मांडला. ताशी १८ किलोमीटर वेगाने ५ मीटर त्रिज्येचे वळण घेताना दुचाकी सुमारे २७ अंश आत झुकते, म्हणूनच तोल राहतो. ताठ तीनचाकीला झुकता येत नाही. तिचे आतले चाक उचलले जाते आणि ती बाहेर कलंडते. वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट!

ब्रिटनच्या जॉर्ज वॉलिस यांनी मधोमध सांधा दिला: मागची दोन चाके सपाट, पुढचा भाग स्वारासह झुकणारा. त्यावर १९७० साली 'एरियल ३' ही मोपेड निघाली. ती चालली नाही. पण पुढे होंडाने तीच कल्पना वापरली. २००६ च्या पियाजिओ 'एमपी३' स्कूटरची तर पुढची दोन्ही चाके झुकतात.

मात्र मोकळेपणी झुकणारी गाडी थांबल्यावर दुचाकीसारखीच आडवी होईल. म्हणून उभी असताना झुकाव रोखणारी कळ हवी, आणि वेग घेण्यापूर्वी ती सुटायलाही हवी. तेव्हा आजोबांसाठी तीनचाकी घेताना नुसती चाके मोजू नका. वळणावर ती झुकते का आणि थांबल्यावर उभी राहते का, तेवढे पाहा.