तार कुठवर आली?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी पाण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावाच लागला. ठराव आणि ओंजळ यांमधले हे अंतर मला आज इंटरनेटच्या बाबतीत दिसते.

मी शिक्षक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर ऑनलाइन भरावा लागतो. त्या दिवसांत वस्तीतली मुले माझ्या एका मोबाइलभोवती बसतात. हक्काच्या पैशासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आलेच!

२०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' नाव मिळाले. मूळ आखणीत तार पंचायतीपर्यंतच यायची. पंचायतीची कचेरी बहुधा गावात आणि आमची वस्ती गावकुसाबाहेर. मधले अंतर कोणी तोडायचे?

माझ्या मते, ग्रामपंचायतीने. तिला दरवर्षी विकास आराखडा करून ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. ग्रंथालये व तांत्रिक प्रशिक्षण हे विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहेत. महाराष्ट्रात पंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. तेव्हा समाजमंदिरात जोडणी आणि दोन संगणक मागणे ही याचना नव्हे.

पण आराखड्यात 'गावात इंटरनेट' एवढेच लिहून भागणार नाही. जोडणी कोणत्या वस्तीत, वीजबिल कशातून, किल्ली कोणाकडे, मुलींना सोयीची वेळ कोणती, हेही लिहिले पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या : तार कुठवर आली?