हंगामाच्या मध्यावरील प्रशिक्षकबदल : एक उदाहरण

नेतृत्वबदल व यश यांत कार्यकारणसंबंध मानणे कितपत युक्त आहे, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या २०१५-१६ च्या हंगामावरून दिसून येते. ४१ पैकी ३० सामने जिंकलेले असतानाही २२ जानेवारी २०१६ रोजी प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना दूर करून साहाय्यक टायरॉन लू यांची नेमणूक झाली. उरलेल्या ४१ साखळी सामन्यांत विजय मात्र २७ च मिळाले. तथापि अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध १-३ असे मागे पडूनही संघाने ४-३ असे पहिले अजिंक्यपद पटकाविले. सातव्या सामन्यातील अंतर अवघ्या चार गुणांचे होते. ते उलट पडते, तर हाच निर्णय अविचारी ठरला असता. सारांश, केवळ फलावरून निर्णयाची योग्यता ठरविणे सदोष होय.