कायद्याबाहेरचा वर्णभेद : ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर धोरणाची पाऊणशे वर्षे

सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, नव्या संसदेच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी एक म्हणून, स्थलांतर निर्बंध कायदा संमत झाला. पुढे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ या नावाने ओळखल्या गेलेल्या धोरणाचा हा पाया होय. मात्र हा कायदा वाचू लागल्यास आशियाई किंवा आफ्रिकी माणसाला मज्जाव करणारे वाक्य त्यात कोठेच सापडत नाही. संसदेतील अनेक सदस्यांना असा उघड मज्जाव हवा होता. परंतु साम्राज्यातील भारतीय प्रजा दुखावू नये आणि जपानशी असलेले संबंध बिघडू नयेत, अशी लंडनची इच्छा असल्यामुळे आडमार्ग शोधण्यात आला. हा मार्ग दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये, मुख्यतः भारतीयांना रोखण्यासाठी, आधीच आखून दिला होता. त्याच वर्षी दरबानच्या बंदरावर उतरलेल्या मोहनदास गांधींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कायद्यामागची मनोवृत्ती स्पष्ट होते.

हा आडमार्ग म्हणजे श्रुतलेखनाची चाचणी. अधिकाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा वाचायचा आणि आगंतुकाने तो ऐकून लिहायचा, एवढेच तिचे स्वरूप होते. पण भाषा कोणती हे अधिकारी ठरवत असल्यामुळे इंग्रजी उत्तम येणाऱ्यापुढे दुसऱ्याच एखाद्या भाषेतील उतारा ठेवता येत असे. १९०२-०३ या काळात ८०५ वेळा चाचणी घेतली गेली आणि ४६ जण उत्तीर्ण झाले. १९०४ ते १९०९ या वर्षांत ५५४ पैकी केवळ सहा जण, आणि त्यानंतर एकही नाही. जपानच्या नाराजीमुळे १९०५ मध्ये ‘युरोपीय भाषा’ हे शब्द बदलून ‘विहित भाषा’ असे केले गेले खरे, पण दुसरी कोणतीही भाषा कधी विहित करण्यातच आली नाही. १९३४ मध्ये फॅसिझमविरोधी लेखक एगॉन किश यांना रोखण्यासाठी हेच हत्यार उपसण्यात आले. किश यांना अनेक युरोपीय भाषा येत असल्याने त्यांच्यासाठी स्कॉटलंडमधील गेलिक भाषेतील उतारा निवडला गेला. उच्च न्यायालयाने मात्र कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा ती नव्हे, असा निर्णय देऊन चाचणीतील अपयशाबद्दल त्यांना झालेली शिक्षा रद्द केली.

जे आशियाई लोक १९०१ पूर्वीच तेथे स्थायिक झाले होते, त्यांना मायदेशी जाऊन परत यायचे असल्यास चाचणीतून सूट देणारा दाखला काढावा लागे. या दाखल्यावर समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे आणि शाईत बुडवून उमटवलेला हाताचा ठसा असे; एक प्रत प्रवाशाजवळ, तर दुसरी सीमाशुल्क कार्यालयात राही. अनेक वर्षे त्या देशात राबलेल्या फेरीवाल्याची किंवा शेतकऱ्याची ओळख एखाद्या गुन्हेगारासारखी नोंदवणारे हे कागद आजही तेथील अभिलेखागारात आहेत, आणि या धोरणाचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. भारतीयांच्या बाबतीत थोडी सवलत मिळाली ती राजकीय दडपणामुळे : भारतीय नेते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा केला आणि १९२५ मध्ये तेथील भारतीय रहिवाशांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दार बंदच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या वाढवण्याची निकड भासू लागली. पहिले स्थलांतर मंत्री आर्थर कॉलवेल यांनी युरोपातील सुमारे १,७०,००० निर्वासितांना आणले, त्यापाठोपाठ इटालियन आणि ग्रीक लोकही आले. परंतु युद्धकाळात आश्रयाला आलेल्या आशियाई कुटुंबांना घालवून देण्यासाठी त्यांनीच १९४९ मध्ये खास कायदा करून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्ताबदल झाला आणि नवे मंत्री हॅरल्ड होल्ट यांनी अशा सुमारे आठशे जणांना राहू दिले. येथून पुढची वाटचाल संथ आणि मूक आहे. १९५७ मध्ये पंधरा वर्षांच्या वास्तव्यानंतर गैरयुरोपीयांना नागरिकत्व खुले झाले. १९५८ च्या कायद्याने श्रुतलेखनाची चाचणी गेली, पण तिच्या जागी आलेला प्रवेश परवानाही अधिकाऱ्याच्या मर्जीवरच होता. मार्च १९६६ मध्ये होल्ट यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात पंधरा वर्षांची अट पाचवर आली आणि उपयुक्त कौशल्य असलेल्या गैरयुरोपीयांचे अर्ज विचारात घेण्याचे ठरले. जे धोरण कायद्यात वंशाचे नाव न घेता उभे राहिले होते, ते वंशाचे नाव न घेताच, खात्याच्या आदेशांतून, उतरवले जात होते. मतदारांचा रोष टाळण्यासाठी ही सावधगिरी कदाचित आवश्यक असेल; पण झालेल्या अन्यायाची जाहीर कबुली तीत नव्हती, ही तिची मोठी उणीव मानावी लागते.

ही कोंडी १९७३ मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने फोडली. स्थलांतरितांच्या निवडीत वंशाचा विचार होणार नाही, असे उघडपणे जाहीर झाले आणि नागरिकत्वासाठी सर्वांना तीन वर्षांची एकच अट लागू झाली. १९७५ च्या वांशिक भेदभावविरोधी कायद्यात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांचा स्पष्ट उल्लेख झाला, तो भेदभावाला बंदी घालण्यासाठी. पुढील वर्षी व्हिएतनाममधून निघालेली पहिली नाव डार्विनला पोहोचली आणि माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने इंडोचीनमधील निर्वासितांना मोठ्या संख्येने सामावून घेतले. नव्या धोरणाची खरी कसोटी तीच होती. स्थलांतरिताने आपली भाषा आणि रीत टाकून बहुसंख्यांत विरून जावे, या जुन्या अपेक्षेऐवजी ती राखूनही तो समान नागरिक असू शकतो, ही बहुसांस्कृतिकतेची भूमिका १९७८ च्या गॅलबली अहवालाने प्रशासनात रुजवली. अनेक भाषांतील कार्यक्रम देणारी एसबीएसची दूरचित्रवाणी १९८० मध्ये सुरू झाली ती याच विचारातून.

२०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्यांची संख्या ६,७३,००० च्या पुढे गेली आणि जन्मदेशांच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यानंतर भारत आला. तरीही कॅनडाने १९८८ मध्ये केला तसा बहुसांस्कृतिकतेचा स्वतंत्र कायदा ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेने केला नाही. व्हिक्टोरियासारख्या राज्यांनी आपापले कायदे केले. त्यामुळेच जानेवारी २००७ मध्ये जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने स्थलांतर खात्याच्या नावातील ‘बहुसांस्कृतिक’ हा शब्द वगळून तेथे ‘नागरिकत्व’ हा शब्द घातला, तेव्हा संसदेत कायदा बदलण्याची गरज पडली नाही.